ओवाळणीत मागितलेले आठ दिवस

माझ्या पर्समध्ये एक छोटी वही असते. किराणा, मायच्या गोळ्या, गॅसचा नंबर, कोणाचं भांडं आपल्याकडे राहिलंय, असं सगळं तिच्यात लिहिलेलं असतं आणि झालेल्या कामावर मी रेघ मारते. नवरा म्हणतो, हिला वरून बोलावणं आलं तर आधी सामानाची यादी करील. म्हणू दे. त्याचा चष्मा हरवतो तेव्हा तोही मलाच विचारतो.

माझी नोकरीही तशीच आहे. बुलढाण्याला न्यायालयात मी मुद्देमालाचं काम बघते. गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तू येतात: काठी, विळा, मोबाइल, एका पायातली चप्पल, डाग पडलेला शर्ट. प्रत्येकीला पिशवी, लाखेचं सील, चिठ्ठी आणि क्रमांक. निकाल लागेपर्यंत त्या वस्तू आमच्या खोलीत राहतात. बावीस वर्षं मी हे करते आहे.

वह्या भरल्या की मी टाकून देते. एक पान मात्र काढून ठेवलं आहे. त्यावर दोन याद्या आहेत. वरची यादी एका सिनेमात मेलेल्या माणसांची. खालची यादी आमच्या वावराजवळून एका दुपारी गेलेल्या माणसांची. हे लिहायला बसले ते त्या पानासाठी, आणि त्या पानावर ज्याचं नाव आधी नव्हतं अशा एका माणसाचे आभार मानण्यासाठी.

आमचं माहेर देऊळघाटच्या पुढे. वडील गेल्यापासून शेती धाकटा भाऊ बघतो. त्याच्या वावराला लागून चुलतभावाचं वावर आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. दोन वावरांच्या मध्ये एक धुरा आहे, म्हणजे बांध, आणि तो धुरा दर वर्षी नांगरटीत एक वीत इकडे किंवा तिकडे सरकतो, कोणाच्या नांगराने ते विचारणाऱ्यावर अवलंबून. त्या वर्षी सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापायच्या, वेळी दोघांची जोरात जुंपली. चार लोकांसमोर दादा म्हणाला, तुले पाहून घेईन.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी, भावाची सुडी जळाली.

सोयाबीन सोंगलं की वावरातच त्याची सुडी, म्हणजे गंजी, रचतात, ताडपत्री झाकतात आणि मशीनची वाट बघतात. मशीन म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं मळणीयंत्र. आमच्या गावात ते देऊळघाटच्या चाचांचं येतं, वडिलांच्या काळापासून. भावाचा नंबर परवावर आला होता. तो जेवायला घरी आला, ताटावर बसला आणि कोणीतरी ओरडत आलं. तो पोहोचेपर्यंत सुडीचा निम्मा भाग गेला होता. पलीकडच्या वावरात काम करत असलेले लोक धावले, चाचा पाण्याचा ड्रम घेऊन आले, त्यांचा हात भाजला. वाचलं काहीच नाही. वाळलेल्या शेंगा आहेत त्या, काडीपेटीसारख्या पेटतात. पंचनामा झाला, अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार लिहिली गेली. भावाच्या मनात मात्र तो इसम अज्ञात नव्हता. त्या दुपारी दादाला पांदणीने, म्हणजे गाडीवाटेने, जाताना एका सालदाराने बघितलं होतं. भावाला तेवढं पुरलं.

दिवाळी आली ती अशी. घरात फराळ झाला, पण कोणी कोणाशी धड बोलेना. मी ठरवलं की पाडव्याला सगळ्यांना बुलढाण्याला आणायचं, सिनेमा दाखवायचा, बाहेर काहीतरी खाऊ घालायचं. वहीत तसं लिहिलंही: माय, भाऊ, वहिनी, दुपारचा खेळ, मायसाठी स्वेटर. कुठला सिनेमा ते मी बघितलं नाही. तिथे माझी यादी कमी पडली.

सिनेमा असा होता. नायक पूर्वी सुपारी घेऊन माणसं मारायचा. आता ते सोडून डोंगरात मधमाश्या पाळतो. त्याला एक बहीण आहे, ती त्याला राखी बांधायला येते आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच चार माणसं तिला मारून टाकतात. मग नायक कोळसा घेतो, भिंतीवर त्या चौघांची नावं लिहितो आणि निघतो. पुढचे दोन तास तो एकेका नावावर रेघ मारतो.

खरं सांगायचं तर मला सिनेमा आवडला. चौथा, सगळ्यांत मोठा खलनायक पायऱ्यांवरून गडगडत खाली आला तेव्हा मीही टाळी वाजवली. भावाने शिट्टी मारली. सुडी जळाल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होते, म्हणून मला बरंच वाटलं. बाहेर आल्यावर गाड्यावर आलूबोंडे खाताना तो थांबायलाच तयार नव्हता. माणूस असा पाहिजे, म्हणाला. अर्ज नाही, तारीख नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुह्या कोर्टात गेला असता तर आतापावतो त्याची पह्यली तारीखच लागली असती." सगळे हसले. मीही हसले.

बुलढाण्यातल्या माझ्या घरी येऊन मी भांडी घासत होते आणि वहिनी पुसत होती. ती एक ताट बराच वेळ पुसत राहिली. मग नळ चालू ठेवूनच, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, तिने सांगितलं.

"ताई, कोठ्यात कुटाराच्या मांगं डिझेलचं कॅन हाये. यायनं आनून ठेवलं. आपल्या घरी डिझेलवर चालनारं काहीच नाही."

कोठा म्हणजे गुरांचा गोठा, कुटार म्हणजे भुसा. मी नळ बंद केला नाही. दादाची सुडी अजून उभी होती. त्याचं वावर खोलगट, शेंगा उशिरा वाळल्या, आणि नेमकं तेव्हाच चाचांचं मशीन बिघडलं होतं. चाचांनी सांगितलं होतं, आता दिवाळीनंतरच. आपलीही सुडी कोणी पेटवेल या भीतीने दादाचे वडील, म्हणजे आमचे काका, सत्तरी ओलांडलेले, रोज रात्री सुडीला लागून बाज टाकून झोपत होते. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या भावालाही.

त्या रात्री मी वहीत काहीच लिहिलं नाही.

सकाळी वहिनी तिच्या भावाकडे गेली. भाऊबीज होती. माय, भाऊ आणि मी चहा घेऊन बसलो होतो आणि मला काय बोलावं ते सुचत नव्हतं. थेट बोलले असते तर तो नाही म्हणाला असता आणि उठून गेला असता, मी त्याला लहानपणापासून ओळखते. म्हणून मी सिनेमाचं काढलं. म्हटलं, मला झोप लागली नाही, नायकाने किती माणसं मारली ते मोजत होते. त्याला गंमत वाटली. मी वही काढली आणि आम्ही यादी करायला बसलो. मायलाही आश्चर्य म्हणजे बरंच आठवत होतं.

तिघांच्या आठवणीने एकतीस माणसं भरली. मी पुढे एक रकाना आखला: याने काय केलं होतं. पहिल्या चौघांपुढे भावाने धडाधड सांगितलं. मग पाचवा आला. "तो त्याचा मानूस होता," भाऊ म्हणाला. सहावा? तोही त्याचाच. ड्रायव्हर? त्याचाच. मी तसंच लिहीत गेले. सत्तावीस जणांपुढे तेच दोन शब्द आले.

चौदाव्या नंबरला बंगल्याचा फाटकवाला होता. तो स्टुलावर बसून जेवत होता. नायक येतो, गोळी झाडतो, डबा खाली पडतो, झाकण गोल गोल फिरत थांबतं. थिएटरात त्या झाकणावर लोक हसले होते.

"हा काऊन मधात आला पन?" भाऊ म्हणाला. आता त्याचा सूर थोडा कमी झाला होता.

"तो कुठं मधात आला," माय म्हणाली. "तो जेवून राह्यला होता. त्याचा डबा कोनंतरी भरून देला असंल का नाही सकाळी."

मी त्यांना माझ्या खोलीतली एक वस्तू सांगितली. नोकरी लागली त्या वर्षी आली होती. स्टीलचा डबा, दोन कप्प्यांचा, मारल्या गेलेल्या एका रखवालदाराचा. तो कुणाचा शत्रू नव्हता, ज्याच्याकडे नोकरीला होता त्याचे शत्रू होते. आपल्याकडे भांड्याच्या दुकानात झाकणावर नाव कोरून देतात तसं त्याच्या झाकणावर बायकोचं नाव कोरलेलं होतं. वस्तूचं वर्णन लिहिताना मला ते नाव लिहावं लागलं होतं. दर वर्षी खोलीची मोजदाद करताना मी ते पुन्हा वाचायचे.

भावाने वही आपल्याकडे वळवून यादी पुन्हा वाचली. मग म्हणाला, पण त्या चौघांचं काय? ते तर खरेच होते ना. त्यांनी तिला मारलेलं आपण बघितलं.

बघितलं, मी म्हटलं. तिकीट काढून बसलेल्या सगळ्यांनी बघितलं. नायक चुकतच नाही, कारण कॅमेरा आधीच तिथे होता. मी बावीस वर्षं दुसरीकडे बसते, जिथे कॅमेरा नव्हता. तिथे काठी असते, शर्ट असतो आणि प्रत्येकाकडे एक पक्कं नाव असतं, आणि ते नाव किती वेळा भलतंच निघतं ते मी बघितलं आहे. त्या चौघांसाठी मी रडले नसते, हे मी भावाला कबूल केलं. आजही करते. पण भिंतीवर नाव लिहिण्याआधी नायकाला एकदाही कोणाला काही विचारावं लागलं नाही, एवढंच मला खटकलं होतं.

त्याने चहाचा कप उचलला आणि रिकामा आहे हे बघून परत ठेवला. मी काय म्हणते आहे ते त्याला कळलं होतं की नाही, मला सांगता येत नव्हतं.

दुपारी जेवणाआधी पाट मांडला. त्याला टिळा लावला, ओवाळलं. त्याने खिशातून पाकीट काढून ताटात टाकायला हात पुढे केला. मी ताट मागे घेतलं.

"हे नको. मले आठ दिवस दे."

त्याला कळेना. मी सांगितलं, आजपासून आठ दिवस तू दादाच्या वावराकडे जायचं नाही. दिवसा नाही, रात्री नाही. या आठ दिवसांत मी शोधते, त्या दुपारी सुडीजवळून कोण कोण गेलं.

निरांजन मध्ये होतं म्हणून मला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तुले कोनं सांगतलं?" तो म्हणाला.

"ते यादीत नाही."

मायला काहीच माहीत नव्हतं. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, पण तिने विचारलं नाही आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं, आणि एकदा खोटं बोलल्यावर तो मागे फिरला नसता. त्याने पाकीट परत खिशात घातलं आणि रिकामा हात ताटात ठेवला.

"आठ दिवस," तो म्हणाला. "अन् काही नाही सापडलं तं मंग मधात यायचं नाही."

हा सौदा वाईट होता. मी तो केला, कारण माझ्याजवळ दुसरा नव्हता. आमच्याकडे भाऊबीजेला ताटात जे पडतं ते परत घेत नाहीत. माझा भरवसा कायद्यावर नव्हता, त्या ताटावर होता.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. चार दिवस रजा टाकली. पान तेच, सिनेमाच्या यादीखाली एक रेघ आणि खाली दुसरी यादी. आमच्या वावरापुढून पांदण जाते, बैलगाडीचा जुना रस्ता. त्या दुपारी त्या पांदणीने कोण गेलं ते मी गावात घरोघर विचारलं. सात माणसं झाली. पहिलं नाव दादाचं लिहिलं. बाकी एक सालदार, सोंगणीच्या दोन बाया, शेळ्या चारणारी एक म्हातारी, विजेच्या तारेवरच्या बिघाडासाठी आलेला एक माणूस आणि एक पाहुणा, जो नंतर डोणगावला गेला होता. त्याला फोन केला. तो आधी घाबरला, मग त्याने इतकं सविस्तर सांगितलं की बॅटरी संपली.

दादाकडे जायला मी तिसरा दिवस ठेवला होता, कारण धीर होत नव्हता. काकूने नेहमीसारखा चहा दिला, नेहमीसारखा जास्त गोड. दादा ओट्यावर बसला होता. मी विचारायच्या आधी तोच म्हणाला, "तुह्या भावाले वाटते मी लावली. मी तोंडानं बोललो, हातानं काही केलं नाही. पन माहंच तोंड मले नडलं." तो त्या दुपारी मजूर बघायला पांदणीने गेला होता. ज्याच्याकडे गेला त्याने तसंच सांगितलं. पण तो माणूस दादाचा मित्र होता, आणि मित्राची साक्ष किती धरतात ते मला माहीत आहे.

पाचव्या दिवशी सातही नावांवर रेघ मारून झाली. कोणी काडी लावताना कोणाला बघितलं नव्हतं. दादाने लावली नाही असंही सिद्ध झालं नाही. मी सहाव्या दिवशी कामावर हजर झाले. टेबलावर साचलेलं सगळं उपसलं आणि दिवसभर एकच आकडा डोक्यात होता: दोन दिवस राहिले. भावाचा फोन आला नाही. वहिनीचा आला. कॅन आहे तिथेच आहे, म्हणाली.

सातव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत शिपाई सांगत आला, बाहेर कोणी म्हातारे भेटायला आलेत. मी बाहेर गेले तर लिंबाच्या झाडाखाली चाचा उभे होते. धुतलेला कुर्ता, डोक्याला टोपी, भाजलेल्या हाताला पट्टी. बसने आले होते. मला वाटलं हाताच्या औषधासाठी सरकारी दवाखान्यात आले असतील. मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, यादीत माह्यं नाव असंलच. पोलीस येन्यापेक्षा मीच आलो."

मी वही उघडली. मला पाठ होती ती यादी, तरी उघडली. सात नावं. चाचांचं नव्हतं.

त्या दुपारी त्यांचा ट्रॅक्टर पलीकडच्या वावरात निघाला होता. पांदणीत चिखल होता म्हणून त्यांनी आमच्या वावरातून आडवा घातला, कोणाला न विचारता. चाळीस वर्षं येणाऱ्या माणसाला कोण विचारायला लावतं. सुडीजवळ मशीनचा पट्टा सैल झाला, ते थांबले, ट्रॅक्टर चालूच ठेवला, पट्टा ताणला, इंजिन दोन-तीनदा जोरात फिरवून बघितलं आणि पुढे गेले. अर्ध्या तासाने धूर दिसला. तेच सगळ्यांत आधी ड्रम घेऊन धावले. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी बघितलं, सायलेन्सर फुटला होता. त्यातून ठिणग्या उडत असणार. मशीन बिघडलं नव्हतंच. सायलेन्सर दुसऱ्याच दिवशी बदलून झाला होता, पण चालवायला हात उचलत नव्हता.

आणि मी, जी पेन्सिलच्या तुकड्याचीही नोंद ठेवते, मी सगळ्या गावाला विचारलं होतं: इथून कोण माणूस गेला? लोकांनी माणसं सांगितली. मशीन कोणी सांगितलं नाही. मशीन आमच्यात माणसात मोडत नाही, ते येतंच, जसा हंगाम येतो. त्याच्यावर बसलेला माणूस कोणाला दिसला नाही. मलाही नाही. सिनेमातल्या फाटकवाल्याबद्दल भावाला इतकं ऐकवून झाल्यावर.

मी त्यांना खरं सांगितलं. चाचा, तुमचं नाव यादीत नव्हतं.

मग त्यांच्या चेहऱ्यावर हसूही आलं आणि गेलंही. "म्हंजे मी उगाच आलो का?"

"नाही चाचा."

"गावात लोक बोलून राह्यले, तुमचा भाऊ त्याच्या दादाले सोडनार नाही म्हनून. माह्या डोळ्यासमोर म्हातारा दिसते, बाजेवर झोपलेला." मग त्यांनी न्यायालयाच्या इमारतीकडे हात केला. "बाई, तुमच्या इथं ज्यानं मुद्दाम नाही केलं त्याच्यासाठी खाना असते का?"

मी म्हटलं, तो रकाना आत असतो, न्यायाधीशांकडे. माझ्या रजिस्टरात नसतो. पण आधी माझ्या भावाकडे चला, त्याच्याकडे असतो का बघू.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्यांच्याबरोबर निघाले. देऊळघाटपर्यंत बस. तिथे त्यांनी घरून ट्रॅक्टर काढला, नवीन सायलेन्सर मला दाखवला, आणि कामाच्या साडीत, पर्स मांडीवर घेऊन मी मडगार्डवर बसून माहेरी गेले. गावातल्या बायांनी ते दृश्य अजून सोडलेलं नाही.

भाऊ घरीच होता. माय आणि वहिनी दारात आल्या. चाचांनी बसायला नकार दिला, उभ्यानेच सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच क्रमाने. भाऊ ओट्याच्या कडेवर बसून ऐकत होता.

"तुमी मह्यासंगं पानी टाकत होते," तो शेवटी म्हणाला. "तवा नाही सांगता आलं?"

"तवा मलेच मालूम नव्हतं. सायंकाळी समजलं. मंग भेलो."

"अन् मी दादाचं काही बरंवाईट केलं असतं तं?"

"म्हनून तं आलो, बाबू."

ठिणगी कोणी बघितली नव्हती. माझ्या रीतीने लिहायचं तर हा अजूनही संशयच होता. भाऊ म्हणू शकला असता की म्हातारा दादाला वाचवायला खोटं बोलतो आहे. तो ते म्हणेल अशी मी वाट बघत होते. त्याऐवजी तो उठला आणि कोठ्यात गेला. वहिनीने माझा दंड धरला. आतून कुटार सरकल्याचा आवाज आला आणि तो कॅन घेऊन बाहेर आला. माझ्या डोक्यात, सवयीने, चिठ्ठी तयार झाली: प्लॅस्टिकचा कॅन, निळा, अंदाजे पाच लिटर, झाकण घट्ट.

तो सरळ ट्रॅक्टरजवळ गेला.

"टाकी भरेल हाये का, चाचा?"

"अर्धी असंल."

"मंग हे टाका. उद्या सकाळी दादाची सुडी काढून घ्या. काका म्हातारा मानूस, किती दिवस वावरात झोपन."

त्याने स्वतःच टाकीचं झाकण उघडलं आणि डिझेल ओतलं. थोडं बाहेर सांडलं. चाचांनी काही विचारलं नाही. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, ज्या घरी ट्रॅक्टर नाही तिथे कोठ्यात डिझेल कशाला ठेवतात हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. माय आत गेली आणि तिने चहा टाकला. चाचा मग बसले.

आठव्या दिवशी दादाची सुडी निघाली. मी तिथे नव्हते, फोनवर कळलं. भाऊ धुऱ्याच्या अलीकडे उभा राहून बघत होता. आठवा दिवस संपलेला नव्हता म्हणून तो धुरा ओलांडून गेला नाही, वहिनी म्हणाली. चाचांनी पुढे पोलिसांत जबाब दिला, ते काम त्याच्या गतीने झालं.

हे सगळं गोड करून सांगायचं नाही. धुऱ्याचा वाद अजून आहे, मोजणीचा अर्ज टाकला आहे, दादा आणि भाऊ लग्नात एका पंगतीला बसतात पण शेजारी बसत नाहीत. कॅनबद्दल दादाला कोणी सांगितलेलं नाही. हे वाचून त्याला कळलं तर कळो. काका मात्र आता घरात झोपतात.

तो सिनेमा मध्यंतरी टीव्हीवर लागला होता. मी पुन्हा पूर्ण बघितला. शेवटच्या मारामारीला मजा आली, खोटं कशाला बोलू. फक्त सुरुवात बघताना एक गोष्ट लक्षात आली जी पहिल्यांदा आली नव्हती. लिहिणाऱ्याने बहिणीला पंधराव्या मिनिटाला मारलं, कारण ती जिवंत राहिली असती तर सिनेमा पुढे गेलाच नसता. तिने ताट मागे घेतलं असतं. तिने आठ दिवस मागितले असते. आणि त्या आठ दिवसांत कोणी म्हातारा, ज्याचं नाव कोणाच्याच यादीत नाही, धुतलेला कुर्ता घालून बसने आला असता. नायक बरोबर होता की चूक, याचं उत्तर मला देता येत नाही. त्याच्याकडे कोणी आलं नाही, एवढं मात्र मला सांगता येतं. आमच्याकडे आलं.

ते पान मी एकदाच दुरुस्त केलं आहे. चाचांना विचारून, खालच्या यादीत आठवं नाव लिहिलं. त्यावर रेघ मारलेली नाही.